आधी मजला, मग खोली

माझ्या नाकावर राग असतो हे आमच्या शाळेतले शिपाईसुद्धा सांगतील. लालबागच्या मराठी शाळेत मी तीसेक वर्षं गणित शिकवलं. त्या सगळ्या काळात कुणाला अर्धा गुण फुकट दिला नाही, याचा मला अभिमान होता. आता नाही. का नाही, ते सांगते.

सातवीच्या वर्गात पूर्णांक संपले की मी मुलांना आलेखाची तोंडओळख करून द्यायचे. पूर्णांक शिकवायला चाळीचं उदाहरण पुरत नाही, कारण तळमजला शून्य धरला तर त्याच्या खाली काही नसतं. म्हणून मी समोरच्या नव्या टॉवरची लिफ्ट घ्यायचे. गाड्या ठेवायच्या तळघरांना तिथे वजा एक, वजा दोन असे आकडे होते. "पाचव्या मजल्यावरून सात मजले खाली गेलो, तर कुठे पोचलो?" असं विचारलं की वर्ग ओरडायचा. त्या वर्षी तिसऱ्या बाकावरच्या मुलीने उत्तर बरोबर दिलं आणि वर म्हणाली, "बाई, पण वॉचमन आपल्याला लिफ्टमध्ये घेत नाही." वर्ग हसला, मीही हसले. पोरगी चुणचुणीत होती, फक्त परीक्षेत घाबरायची.

तिची चाळ पाडायला निघाली होती. नवी इमारत उभी राहीपर्यंत घरचे विरारच्या पुढे भाड्याने राहायला जाणार होते. तिला मात्र हीच शाळा हवी होती. चिंचपोकळीला आत्या होती, ती ठेवून घ्यायला तयार होती. वडील एका खाजगी कचेरीत कारकून, सरळ माणूस. त्यांनी अट घातली की वार्षिक परीक्षेला गणितात पन्नासपैकी तीस आण, मग आत्याकडे राहा. नाहीतर अभ्यासावर लक्ष ठेवायला आम्ही नसताना तुला इथे ठेवणार नाही. हे तिनेच मला सांगितलं होतं. "बाई, तीस येतील ना?" असं ती दर आठवड्याला विचारायची. मी म्हणायचे, "देवाला नको, वहीला विचार."

आलेख शिकवताना मात्र मी चाळीचं उदाहरण घेतलं. म्हटलं, चाळीचा पत्ता कसा असतो? दोन आकडे सांगितले की माणूस सापडतो. बिंदूचंही तसंच. एक आकडा आडवा, एक उभा. मग नियम घोकून घेतला, आधी आडवं, मग उभं. हा क्रम उलटा झाला की शून्य, असंही बजावलं. तो माझा जुना शिरस्ता होता.

परीक्षेत पाच बिंदूंचे निर्देशक लिहायचे होते, प्रत्येकी एक गुण. तिने पाचही उलटे लिहिले. डावीकडे चार घरं आणि खाली दोन घरं असलेल्या बिंदूला तिने आधी वजा दोन लिहिलं, मग वजा चार. मी लाल पेनाने पाच फुल्या मारल्या. एकूण सव्वीस झाले. बेरीज मी दोनदा केली. चार गुण कुठे सापडतात का म्हणून नव्हे, माझी बेरीज चुकायला नको म्हणून. तिची अट तेव्हा मला आठवत होती, हे लपवत नाही.

उत्तरपत्रिका दाखवायच्या दिवशी ती टेबलाजवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "बाई, हे पाच बरोबर आहेत. तुम्हीच म्हणाला होतात, चाळीच्या पत्त्यासारखं."

"पहिला आकडा कशाचा?"

"आम्ही तसंच सांगतो, बाई."

"मी काय विचारलं? पहिला आकडा कशाचा?"

ती पुढचं वाक्य जुळवत होती, मी ते जुळवू दिलं नाही. सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "गुण मागून मिळत नाहीत. जागेवर जा." ती गेली. बाकावर तिने उत्तरपत्रिकेची घडी घातली, आणखी एक घातली, घालतच राहिली.

मे महिन्यात तिच्या चाळीत शेवटची पूजा होती. चाळ रिकामी करण्याआधी सगळ्या बिऱ्हाडांनी मिळून ठेवलेली. तिच्या आईने शाळेतल्या आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं. मी एकटीच गेले. खाली नळाशी एक बाई भांडी विसळत होत्या. त्यांना मुलीच्या घरचं आडनाव सांगून विचारलं. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "तीन-नऊ."

मी तीन मजले चढले. दम घ्यायला थांबले आणि मग गॅलरीतून दारं मोजत निघाले. सहाव्या की सातव्या दाराशी माझे पाय थांबले. आधी मजला, मग खोली. चाळीत दुसऱ्या कुठल्या क्रमाने पत्ता सांगतच नाहीत. खोलीपर्यंत जायला आधी चढावं लागतं. मी स्वतः ठाकूरद्वारच्या चाळीत वाढले. लग्न होईपर्यंत पोस्टमनला, वाण्याला, शाळेच्या फॉर्मवर मी दुसरा मजला आधी सांगितला आणि खोली नंतर. तिने माझंच ऐकलं होतं. पाचही बिंदू, सगळी चिन्हं, एकाच क्रमाने, कुठेही न डगमगता. उदाहरण माझं होतं आणि चूकही माझी होती. मला तिथे, लोकांच्या चपलांमध्ये उभं राहून रडू आलं.

नवव्या खोलीत अर्धं सामान बांधून झालं होतं. मी प्रसाद हातात घेतला आणि तिच्या वडिलांना सांगून टाकलं. म्हटलं, पेपर तपासताना माझं चुकलं, तिचे एकतीस होतात, मी मोठ्या बाईंकडे जाऊन निकाल दुरुस्त करून घेते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग अवघडून म्हणाले, "बाई, आता राहू द्या. चिंचपोकळीला ताईकडे तिच्या सासूबाई कायमच्या आल्यात. दहा बाय बाराची खोली, आता हिला कुठे ठेवणार? निकाल लागला तेव्हाच हिला पाठवली असती, तर हिची जागा झाली असती." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. बैल गेला अन् झोपा केला, असं माझी आई म्हणायची. त्या दिवशी मी तेच केलं.

मुलगी दारात उभी होती. तिने ते सगळं ऐकलं. मी तिला म्हटलं, "तुझे बरोबर होते गं." ती "हो बाई" म्हणाली आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेली. मला वाटलं होतं, ती रडेल किंवा रागावेल. तिने पेला दिला, मी पाणी प्यायले, तिने रिकामा पेला परत नेला.

जूनमध्ये वडील दाखला न्यायला आले. आमचा लेखनिक निवृत्त झाल्यापासून दाखले वर्गशिक्षिकाच लिहायच्या, आणि तिच्या वर्गाची मीच होते. मी तिचं नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. अभ्यासातील प्रगतीपुढे 'चांगली' लिहिलं, वर्तणुकीपुढेही. मग 'शाळा सोडण्याचे कारण' हा रकाना आला. पेन टेकवून मी बराच वेळ बसले. वडील समोरच्या बाकावर हातात पिशवी धरून थांबले होते, त्यांना विरारची गाडी गाठायची होती. मी 'पालकांच्या विनंतीवरून' असं लिहिलं, खाली सही केली आणि दाखला त्यांच्या हातात दिला.