पान लागलं

तमिळमध्ये नागाला ‘नल्ल पाम्बु’ म्हणतात. म्हणजे चांगला साप. चावला तर माणूस मरतो, म्हणून आधीच चांगला म्हणून ठेवायचं. शाळेत हे ऐकून मी दुसऱ्या दिवशी सकाळी घरी काकूला सांगितलं, तेव्हा ती तांदूळ निवडत होती.

“सकाळ आहे म्हणून ऐकून घेतलं,” ती म्हणाली. “दिवा लागल्यावर असलं नाव तोंडातून काढलंस तर थोबाड फोडीन.”

काकू म्हणजे माझ्या वडिलांची थोरली वहिनी. मी तीन वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून तिनेच मला वाढवलं. काका रेल्वेत, महिन्यातले वीस दिवस बाहेर. वडील कचेरीत, कामासाठी वरचेवर गावोगाव. तंजावूरच्या आमच्या घरात बहुतेक वेळ आम्ही दोघीच असायचो. काकूचं माहेर ओरत्तनाडूच्या बाजूचं, शेतावर वाढलेलं. तिची मराठी आमच्यापेक्षा जुनी आणि जाड होती. ती लाड करत नसे, पण दुसऱ्यांदा भात वाढायला विसरत नसे.

मला त्या वयात नावं फोडायचा नाद होता. मुंगसाला तमिळ माणसं ‘कीरिप्पिळ्ळै’ म्हणतात, खारीला ‘अणिल्पिळ्ळै’. पिळ्ळै म्हणजे मूल. पुस्तकात जिराफाचं चित्र आलं, त्याचं नाव ‘ओट्टगच्चिविंगी’, म्हणजे उंट आणि चित्ता एकत्र.

“हे लग्न कुणी जमवलं गे?” काकूने विचारलं होतं.

देवळाच्या खांबावर याळी असते, सोंड हत्तीची, अंग सिंहाचं. तिला आमच्या घरी शब्दच नव्हता. काकू तिला ‘सोंडेचा सिंह’ म्हणायची आणि पुढे चालू लागायची.

एकदा बाईंनी वर्गात विचारलं, वटवाघळाला तुमच्या भाषेत काय म्हणतात. मी शब्दाचे दोन तुकडे केले, वड आणि वाघ, आणि तमिळमध्ये सांगितलं, ‘आलमरत्तु पुली’. वडाच्या झाडावरचा वाघ. वर्ग हसून लोळला. शेजारच्या कंपाउंडरांची मुलगी माझ्या वर्गात होती, त्यामुळे ती गोष्ट संध्याकाळपर्यंत शेजारी पोचली. तेव्हापासून कंपाउंडर मला पाहिलं की ओरडायचे, “काय गं आलमरत्तु पुली, आज काय शिकार?” मला राग यायचा. पण तुकडे करून सांगायची सवय काही गेली नाही.

मी दहा वर्षांची असतानाची गोष्ट. वडील ओरत्तनाडूला गेले होते, काका गाडीवर. काकूने देवाजवळ दिवा लावला आणि मागच्या परसात नारळाची सोडणं आणायला गेली. परत आली ती रिकाम्या हाताने. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली, जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि घोट्याच्या वर करकचून बांधली. तिचे पाय नेहमीच दुखायचे, ती नेहमीच काहीतरी बांधायची. मी पाढे लिहीत होते.

“पळ,” ती म्हणाली. “कंपाउंडरांना सांग, पान लागलंय. लगेच या म्हणावं.”

काकू पान खायची, तंबाखू घालून. कधी तंबाखू जास्त झाली की घाम यायचा, डोकं गरगरायचं, मग ती लिंबू चोखत पडून राहायची. त्याला आम्ही ‘पान लागलं’ म्हणायचो. मी गेले. कंपाउंडर तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, वारा घेत बसले होते. मी तमिळमध्ये सांगितलं, काकूंना वेत्तलै लागली आहे, विड्याचं पान.

ते हसले. “मामींना सांग, आता तरी तंबाखू सोडा. लिंबाचं लोणचं चाटव, ताक पाज. जेवून येतो मी.”

मी घरी येऊन ताक घुसळलं. काकूने विचारलं, “सांगितलंस?”

“सांगितलं.”

“येतायत?”

“जेवून येतो म्हणाले. ताक प्यायला सांगितलंय.”

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या पापण्या खाली येत होत्या. “अगं, पान लागलंय,” ती म्हणाली. “पान! नीट सांगितलंस ना?”

“तेच सांगितलं.”

ती पुन्हा काहीतरी म्हणाली, पण जीभ जड झाली होती. ताक हनुवटीवरून ओघळलं. मी तिच्या पदराने पुसलं आणि पाढ्यांकडे वळले. सतराचा पाढा होता.

कंपाउंडर आले ते मिशा पुसत, हातात टॉर्च. दारातूनच त्यांनी माझी थट्टा सुरू केली होती. टॉर्चचा उजेड काकूच्या पायावर पडला, पट्टीच्या खाली पाय सुजून काळा झाला होता, आणि ते मधेच थांबले. मग धावत जाऊन जटका, म्हणजे घोडागाडी, घेऊन आले. शेजारच्या दोघांनी काकूला उचलून गाडीत घातलं. इस्पितळाच्या दारात पोचेपर्यंत ती गेली होती.

वडील दुसऱ्या दिवशी आले. कंपाउंडर त्यांना म्हणाले, “पोरीने वेत्तलै म्हणून सांगितलं हो. मी काय समजणार?” मी तिथेच उभी होते. वडिलांनी मला विचारलं, काकूचे शब्द काय होते. मी सांगितले. ते खाली बसले.

“शेतावरची माणसं साप चावला असं म्हणत नाहीत,” ते म्हणाले. “पान लागलं म्हणतात. तुला कुणी सांगितलं नव्हतं.”

एवढंच. मला कुणी मारलं नाही, रागावलं नाही. काकांनी तर विषयच काढला नाही. ते गावात असले की आम्ही तिघं समोरासमोर बसून जेवायचो, आणि भात वाढायचं माझ्याकडे आलं. कंपाउंडरांनी मला पुन्हा कधी आलमरत्तु पुली म्हणून हाक मारली नाही. समोर आले की चष्मा पुसायचे.

पुढे मी नर्स झाले. १९६०च्या दशकात माझी नेमणूक ओरत्तनाडूजवळच्या दवाखान्यात झाली, काकूच्या माहेरच्याच मुलखात. तिथे कळलं की तमिळ माणसंही अंधार पडल्यावर पाम्बु म्हणत नाहीत, ‘पूच्चि’ म्हणतात. म्हणजे किडा. एका संध्याकाळी एका बाईला घेऊन तिचा नवरा आला, “पूच्चि चावली” म्हणाला.

“कसली पूच्चि? तिला पाय होते का?”

तो बायकोला बाकावर बसवू लागला.

“पाय होते का नव्हते, ते सांग!”

“नव्हते,” तो जमिनीकडे बघून म्हणाला.

ती बाई वाचली. डॉक्टर मला नंतर सांगत होते की कोब्रा हा पोर्तुगीज शब्द आहे आणि त्या भाषेत त्याचा अर्थ नुसता साप. मला ते नाव बरं वाटलं. ते चांगला म्हणत नाही, किडा म्हणत नाही, पान म्हणत नाही.

माझ्या घरात दिवा लागल्यावरही साप म्हणतात. सासूबाई कानांवर हात ठेवायच्या, नणंदा अजून ठेवतात. माझ्या मुलींनी मराठीत, तमिळमध्ये आणि इंग्रजीत हा एक शब्द आधी शिकावा हे मी पाहिलं, बाकीची मराठी आली तेवढी आली.

लोक मला म्हणतात, तू लहान होतीस, तुझी काय चूक. ते खरं आहे. पण मला काकूचाही राग येतो, तीस वर्षांनंतरही. मी समोर ताक घेऊन उभी होते. तिची जीभ अजून चालत होती. दोन अक्षरांचा शब्द होता, आणि पोरीला कळलेलं नाही हे तिला दिसत होतं. तरी तिने पुन्हा पानच म्हटलं. साप हा शब्द मी तिच्या तोंडून एकदाही ऐकला नाही.