गळ्यातला माउस

अंधेरीच्या ऑफिसात संघमित्राइतकी झपाट्यानं कुणाची बोटं चालत नाहीत. ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडे असले तरी तिचा हात कीबोर्डवरून हलत नाही. हे तिला नंदकुमार सरांनी शिकवलं, आणि त्याबद्दल तिनं त्यांना आजवर माफ केलेलं नाही.

मुलुंडच्या त्यांच्या कॉम्प्युटर क्लासात माउसला हात लावायची बंदी होती. एकोणीस वर्षांच्या संघमित्रानं एकदा विसरून माउसनं नवा टॅब उघडला. सरांनी तो माउस मशीनमधून उपटला, वायरीनं तिच्या गळ्यात अडकवला आणि घड्याळ लावून दहा मिनिटं वर्गासमोर उभं केलं. नवा टॅब कीबोर्डवरून उघडायच्या कळा आठवून देत पोरं 'कंट्रोल टी, कंट्रोल टी' म्हणून खिदळत होती. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा क्लासला गेली, कारण फी आईनं भरली होती.

बारा वर्षांनी क्लास बंद पडला आणि तिच्या ऑफिसात नोकरीच्या चाचणीला आलेल्यांच्या यादीत सरांचं नाव दिसलं. चाचणी घेणार संघमित्रा. बाकीच्यांना तिनं विंडोजची मशीनं दिली. सरांना मुद्दाम ॲपलचा मॅक दिला आणि त्याचा माउस खणात टाकला. हा अन्याय आहे हे तिला चांगलं कळत होतं. तिला तोच करायचा होता.

सरांनी तिला ओळखलं नाही. करंगळी कोपऱ्यातल्या कंट्रोलवर ठेवून त्यांनी टी दाबला. नवा टॅब उघडला नाही. पुन्हा दाबला, मग जोरात दाबला. मॅकवर ते काम स्पेसबारशेजारच्या कमांडचं असतं, हे सांगायला एक शब्द पुरला असता. तिनं तो गिळला.

"मॅडम, माउस मिळेल का?"

तिनं खणातून काढून दिला. कपाळावरचा घाम पुसत सर हसले आणि त्यांनी वायर स्वतःच्याच गळ्यात घातली. "माझ्या क्लासात माउस धरणाऱ्याला मी असं उभं करायचो. मजा यायची पोरांना."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना हो." वायर काढायला त्यांनी हात वर नेला.

"राहू दे, सर. उभे राहा," संघमित्रा शांतपणे म्हणाली आणि बाकीचे उमेदवार बसले होते तिकडचं दार तिनं सताड उघडलं. "दहा मिनिटं. मी घड्याळ लावते."

तेव्हा कुठे सरांनी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं.