बंदीची दवंडी

गावात परक्या सरकारची माणसं दोनच, पाटील आणि भोंगातात्या. पाटलांकडे शिक्का, तात्यांकडे डफ. तात्या खोकले तरी नदीच्या पल्याडच्या काठावरची गुरं मान वर करत, म्हणून हे नाव. दवंडी पिटायचं काम वडिलांकडून आलेलं, आणि त्यांची शिस्तही: हुकूम जागा-वेळेसकट पुरा सांगायचा, प्रत्येक चौकात तीनदा. शब्द गाळणारा दवंडीवाला म्हणजे मापात मारणारा वाणी, असं तात्या म्हणत.

एका सकाळी पाटलांनी त्यांना चावडीवर बोलावलं. शेजारी फौजदार मिशी पिळत बसला होता. हुकूम त्यानेच सांगितला.

"आज दिवस मावळताना जुन्या विहिरीजवळच्या मैदानात स्वराज्यवाल्यांची सभा आहे. तिला बंदी घातलीय. घरोघर कळलं पाहिजे. एक घर सुटलं तर डफ जमा करून घेईन."

"घर सुटायचं नाही, साहेब."

तात्या निघाले. "ऐका हो ऐका, आज दिवस मावळताना जुन्या विहिरीजवळच्या मैदानात स्वराज्याची सभा आहे. तिथे कुणीही जाऊ नये हो."

कुंभाराने चाक थांबवलं. "सभा? मला कुणी बोललंच नाही, तात्या."

"आता बोललो ना. जायचं नाही."

"जुन्या विहिरीजवळच ना?"

"हो. पण जायचं नाही."

पुढच्या चौकात शिंपीण वक्ता कोण म्हणून विचारू लागली, तेव्हा तात्यांच्या डोक्यात उजेड पडला. हात डफावरच थांबला. मैदानाचं नाव गाळावं? पण अर्धा हुकूम सांगितला तर डफ जाणार, आणि वडिलांचं नावही. तात्यांनी घसा खाकरला आणि पुरा हुकूम सांगितला. आवाज मात्र जरा चढाच लागला.

संध्याकाळी मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. चार शिपाई काय अडवणार?

सकाळी चावडीवर फौजदार लालबुंद. "एवढ्या लोकांना सभेचं सांगितलं कुणी?"

"मीच, साहेब. आपल्याच हुकमानं. एक घर सोडलं नाही."

"डफ ठेव इथे."

तात्यांनी डफ टेबलावर ठेवला. हात रिकामे झाल्यावर त्यांचं काय करावं, तेच त्यांना कळेना.

पाटलांनी हसू गिळलं. "घ्या जमा, साहेब. वर कारण काय कळवू? हुकूम नीट पाळला म्हणून?"

फौजदाराने डफ तात्यांकडे ढकलला. "उचल ते ढमढम. आणि यापुढे बंदीची दवंडी नको."

घरी बायको दारातच उभी होती. डफ बघून तिचा जीव भांड्यात पडला. मग फौजदार काय म्हणाला ते ऐकून तोंड उतरलं. "अहो, मग पुढच्या सभेला माणसं कशी जमायची?"

पुढे स्वराज्य आलं. मैदानात झेंडा लावायचा होता. "सगळं गाव आलं पाहिजे बरं का," पाटील म्हणाले.

तात्यांनी चौकाचौकात जागा सांगितली, वेळ सांगितली, आणि शेवटी बायकोकडे बघून डफावर थाप मारली. "तिथे कुणीही जाऊ नये हो."

अंथरुणाला खिळलेली शिंपिणीची सासूसुद्धा खाटेसकट आली.