नातीच्या कळशीवरची रेघ

आबांचा उजवा हात अर्धांगवायूने गेला, तेव्हा त्यांच्या नातीचं लग्न ठरलेलं होतं. धुळ्यात त्यांचं भांड्यांवर नावं टाकायचं दुकान. धुळ्याच्या देवपूर भागातल्या अर्ध्या भांड्यांवर त्यांचंच अक्षर, आणि नातीच्या भांड्यांवर तेवढं येणार नाही, हे त्यांच्या मनाला लागून राहिलं. नावं कोरायचं नवं कॉम्प्युटरचं मशीन दुकानात आणलं होतं. पण कॉम्प्युटरमधल्या फॉन्टला जाडी असते. सुई त्याच्या दोन्ही कडांनी फिरते आणि अक्षर पोकळ उमटतं. आबांचं अक्षर एका रेघेचं.

माझं गाव शिरपूरच्याही वर, डोंगराच्या पायथ्याशी. आठवीत शाळा सुटलेल्या मला याच माणसाने काम दिलं, घरी नेऊन जेवू घातलं. म्हणून बोलून बसलो, तुमचं अक्षर मी मशीनवर आणतो.

आबांनी नावं टाकलेल्या जुन्या डब्यांचे मी फोटो काढले, सॉफ्टवेअरमध्ये ठेवले आणि त्यांच्यावर एकेका अक्षराच्या मधून एकच रेघ ओढत गेलो. 'क'चं पोट फुगायचं, 'ल' आडवा पडायचा. पुसायचं, परत ओढायचं. जमलंसं वाटलं तेव्हा एका वाटीवर नातीचं नाव टाकून आबांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी अंगठा फिरवला.

"अक्षर मन्हंच शे," ते आपलं अक्षर ओळखून म्हणाले. "पन रेघमा गाठी शेतस."

मी प्रत्येक अक्षराला डोक्यावरच्या रेघेचा तुकडा जोडून ठेवला होता. सुई दर अक्षराला उचलायची, टेकायची. तिथे ठिपका पडायचा, त्याच या गाठी. आबा आधी सगळं नाव बोडकं लिहीत, मग रेघ एका दमात ओढत. रोज बघत होतो, तरी सुचलं नाही.

सगळ्या अक्षरांची डोकी काढली, रेघ वेगळी ठेवली. वाट्या, ताटं जमली. कळशीच्या फुगीर पोटावर मात्र सुई अर्ध्यातच घसरायची. दुसऱ्या दिवशी हळद. आबांनी त्यांचं जुनं, हातात धरून कोरायचं मशीन माझ्यापुढे सरकवलं.

मी नाही म्हणालो. ते डाव्या हाताने कळशी धरून बसले.

शेवटी मशीन उचललं, आधी बोडकं नाव लिहिलं. रेघ सरळ गेली, शेवटच्या अक्षरापाशी खाली घसरली. स्टीलवर पुसायचं कसं? मी कळशी, नाव भिंतीकडे करून, ठेवून दिली. आबांनी ती हळूच फिरवून परत समोर केली आणि हंडा माझ्याकडे ढकलला. त्याचं पोट तर कळशीहून मोठं.