मावशीच्या हौदातले आठ दिवस

मी चौथीतून पाचवीत गेले त्या उन्हाळ्यात कोल्हापुरातल्या पोहण्याच्या तलावावर माझं नाव घातलं. वर्ग सुरू व्हायला आठ दिवस होते. शिकवणाऱ्या बाईंनी आईला सांगितलं, की पोरीची आधी पाण्याची भीती घालवा, हातपाय मारायला मी शिकवते. पण आमच्या घरात पाण्याला सगळ्यांत जास्त भ्यायची ती आईच. लहानपणी ती नदीच्या घाटावरून घसरली होती आणि तेव्हापासून घोट्याच्या वर पाण्यात गेली नव्हती.

मग आम्ही कुरुंदवाडजवळ मावशीकडं गेलो. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. तिच्या उसाच्या रानात मोटारीचं पाणी साठवायचा सिमेंटचा हौद होता, माझ्या छातीइतका खोल. मला वाटलं, ही आता ढकलून देणार. ती मात्र साडी खोचून स्वतःच आत उतरली आणि म्हणाली, नुसती बस. पहिला अख्खा दिवस मी हौदाच्या पायरीवर गळ्यापर्यंत पाण्यात बसून कैरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी तोंड बुडवून बुडबुडे काढले. तिसऱ्या दिवशी पाण्याखाली डोळे उघडले, तर माझीच बोटं केवढी मोठी आणि हिरवट दिसली! त्यानंतर मला बाहेर काढणं मुश्कील झालं. लाइट आली की पाइपातून धो धो पाणी पडायचं आणि मी त्याच्याखाली डोकं धरून ओरडायचे.

आई रोज काठावर टॉवेल धरून बसायची आणि दर पाच मिनिटांनी बास म्हणायची. पाचव्या दिवशी मावशीनं मला पाठीवर निजवलं, खाली हात धरला आणि कधी काढून घेतला ते मला कळलंही नाही. मी तरंगत होते. मान वळवली तर आई उभी राहिलेली.

"अक्का, मला जमंल का गं?" तिनं विचारलं.

"जमतंय की," मावशी म्हणाली. "पाणी काय वय इचारतंय व्हय?"

आई साडीसकट उतरली. माझा खांदा तिनं इतका घट्ट धरला, की नखं रुतली. आठव्या दिवशी तिनं नाक दाबून, पण डोळे उघडे ठेवून पुरती बुडी मारली. वर आली तेव्हा कपाळावरची टिकली पाण्यावर तरंगत होती आणि आई उचकी लागेपर्यंत हसत होती.

सोमवारी तलावावर तिनं बाईंना विचारलं, बायकांच्या वर्गात जागा आहे का. बाईंनी विचारलं, काय काय येतं? आई ताठ मानेनं म्हणाली, "डोळे उघडे ठेवून बुडी मारता येते."

त्याच दिवशी तिचंही नाव लागलं. महिन्याभरात मी तलावाची रुंदी पार केली. आई अजून काठाची दांडी धरून पाय मारत होती, पण घरी जाताना लुनावर मला मागं बसवून ती वाटभर सांगायची, आज पाय कसे आपोआप वर आले ते.