हातमोजे कपाटात होते

ज्या इलेक्ट्रिकल विभागात मी शिकले, त्याच विभागात पुढे करारावर शिकवायला लागले. कॉलेज नगर शहराबाहेर, खासगी. मी पारनेरकडची. घरात इंजिनिअर झालेली पहिलीच, त्यामुळे ती नोकरी माझ्या वडिलांना माझ्यापेक्षा मोठी वाटायची.

मशीन लॅबमध्ये एक असिस्टंट होते. पुणतांब्याचे, पन्नाशी उलटलेले. सगळी मुलं त्यांना मामा म्हणायची. मोटरला वायरी कशा जोडायच्या हे सर फळ्यावर शिकवायचे, पण हाताला शिकवलं मामांनी. मी विद्यार्थिनी होते तेव्हा ते मला 'पोरी' म्हणत. शिकवायला लागले त्या दिवसापासून 'मॅडम' म्हणू लागले. मी दोन-तीनदा नको म्हणाले, मग सोडून दिलं.

लॅबमध्ये पाच नंबरचं पॅनल होतं. त्याच्या लोखंडी दाराला हात लागला की मुंग्या यायच्या. मामांनी टेस्टर लावून मला दाखवलं. टेस्टर मिणमिणता पेटला.

"अर्थिंगची तार गंजून गेलीय मॅडम. आज झिनझिन्या येत्यात, उद्या मानूस चिकटंल. तुमी लिव्हून द्या. माझं कोन ऐकतंय?"

मी विभागप्रमुखांना अर्ज दिला. दोन महिन्यांनी दुसरा दिला. ते म्हणाले, "तपासणी समिती येऊन जाऊ द्या, मग बघू." शाखेला विद्यार्थी कमी झाले होते, दुसऱ्या वर्षाला जेमतेम अठरा. शाखा राहते की जाते याच काळजीत ते असायचे. समितीला दाखवण्यासाठी त्यांनी रबरी हातमोज्यांच्या दोन नव्या जोड्या मात्र आणल्या. मामांनी एक मागितली तेव्हा म्हणाले, "पाकीट फोडू नका, दाखवायला लागतात." जोड्या त्यांच्या कपाटात गेल्या आणि किल्ली त्यांच्या खिशात.

प्रॅक्टिकल परीक्षेचा दिवस होता. बाहेरचे परीक्षक येणार म्हणून सकाळीच लॅब पुसून घेतली होती. फरशी अजून ओली होती. मी जर्नल्सवर सह्या करत होते. पाच नंबरचं पॅनल परीक्षेत वापरायचं नाही असं ठरलं होतं, पण तीनचा फ्यूज गेला, म्हणून पाचचा काढून आणायला मामा गेले. त्यांनी दाराची मूठ धरली.

ते ओरडले नाहीत. घशातून बारीकसा आवाज आला, एवढंच. मी मान वर केली तर ते वाकून उभे होते, हात मुठीला चिकटलेला, पाय थरथरत होते. पहिलं काय करायचं हे मी दर वर्षी पहिल्याच तासाला शिकवते: मेन बंद करा, माणसाला हात लावू नका. मेन स्विच माझ्यापासून चार पावलांवर होता. मी हातात पेन धरून उभी राहिले. किती वेळ, सांगता येत नाही. तिसऱ्या वर्षाची एक मुलगी मागून धावत आली आणि तिनं मेन पाडला. मामा फरशीवर आडवे पडले. डोकं मोटरच्या चौथऱ्यावर आपटलं.

ते वाचले. पण उजवा तळवा जळून आत ओढला गेला, तीन बोटं कायमची वाकडी झाली. डोक्याच्या मारानं बोलणं अडखळू लागलं. बोलता बोलता शब्द हरवायचा आणि ते समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसायचे.

पंधरा दिवसांनी चौकशी झाली. आत जाण्याआधी विभागप्रमुखांनी मला बाजूला घेतलं. "विचारतील तेवढंच सांगा. जून जवळ आलाय, तुमची पुढच्या वर्षाची ऑर्डर निघायचीय."

प्राचार्यांच्या केबिनमध्ये चौकशी करणारे तिघे बसले होते.

"विभागात सुरक्षेची साधनं होती?"

"होती."

"हातमोजे?"

"होते."

"अपघाताच्या वेळी कर्मचाऱ्याने घातले होते?"

"नाही."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. हातमोजे कपाटात होते का, हे त्यांनी विचारलं नाही. अर्थिंगबद्दल विचारलं नाही. दोन अर्जांच्या प्रती माझ्या पर्समध्ये होत्या. मी सही केली आणि बाहेर आले. अहवालात कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा असं लिहिलं गेलं. मामांची नोकरी गेली.

महिनाभर मी टाळलं. मग एका रविवारी पुणतांब्याला गेले. घर गोदावरीकडच्या अंगाला. मामी दारातच होत्या. मला ओळखून म्हणाल्या, "तुमीच लिव्हून दिलं म्हनं, मोजे असून घातलं न्हाईत म्हनून."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

मामा खाटेवर बसले होते. उजवा हात उपरण्याखाली. मी बोलायला लागले, माफी मागायचं ठरवून आले होते, पण त्यांनी डावा हात वर करून थांबवलं. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला.

"ते... पाच नंबर. अर्थिंग केलं का?"

"नाही मामा."

"पोरं हात लावत्यात?"

"चिठ्ठी चिकटवलीय. लावू नका म्हणून."

"चिठ्ठी वाचत न्हाईत पोरं," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

सोमवारी मी लॅबला कुलूप लावलं. अर्थिंग होईपर्यंत प्रॅक्टिकल घेणार नाही असं लिहून दिलं. सोबत दोन्ही अर्जांच्या प्रती जोडल्या, हातमोजे कुठे होते तेही लिहिलं आणि एक प्रत विद्यापीठाला पाठवली. विभागप्रमुख रागावले नाहीत. कागद वाचून शांतपणे म्हणाले, "हे तुम्ही तेव्हा सांगितलं असतं तर मामांना उपयोग झाला असता. आता कोणालाच नाही."

ते वाक्य मी विसरू शकलेले नाही, कारण ते बरोबर होतं. आठ दिवसांत लॅबमागे खड्डा खणला, मीठ-कोळसा टाकून तांब्याची पट्टी पुरली, नवी तार ओढली. पण अहवाल बदलला नाही. विद्यापीठाकडून पोच आली, पुढे काही नाही. जूनमध्ये माझी ऑर्डर निघाली नाही. मामांना कॉलेजनं परत बोलावलं नाही.

अर्थिंग झाल्याचं सांगायला मी पुन्हा पुणतांब्याला गेले. मामांनी ऐकून मान हलवली. त्यांना नीट समजलं का, सांगता येणार नाही. मामी आतच राहिल्या. निघताना मी त्यांना हाक मारली. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला.

पुढच्या वर्षी शाखा बंद झाली. मशिन्स भंगारात गेली असं ऐकलं. मी आता संगमनेरजवळ एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. पहिल्या तासाला मेन स्विचपाशी उभी राहून तेच नियम सांगते. मुलं लिहून घेतात. एकदा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, असं खरंच झालं तर तुम्ही काय कराल?" मी तिला म्हणाले, माहीत नाही. वर्ग हसला. त्यांना वाटलं मी गंमत करतेय.