कदम सरांचा रंगीत चष्मा

बोरिवलीच्या आमच्या कॉलेजात अर्थशास्त्राच्या स्टाफरूममध्ये एकच कपाट आहे आणि ते कदम सरांच्या पुस्तकांनी भरलंय. त्यांच्या किश्श्यांना त्यात जागा नाही, म्हणून ते मी डोक्यात घेऊन फिरते! चहा आला की एखादा निघतोच.

सर मूळचे कणकवलीचे, वडील गिरणीत होते. सर कोणत्या पक्षाकडे झुकलेत, हे स्टाफरूममध्ये प्यूनलासुद्धा ठाऊक. वर्गात मात्र ताकास तूर लागू देत नाहीत.

एकदा एका पोराने धीर करून विचारलंच, "सर, तुम्ही मत कोणाला देता?"

"मशीनला देतो, वर्गात नाही. बस खाली!"

*

निवडणुकीच्या दिवसांत सरांनी टी. वाय.च्या वर्गात दोन जाहीरनाम्यांतले आर्थिक मुद्दे वाटले. पक्षांची नावं काढून टाकलेली. रोहन म्हणजे एका पक्षाचा कट्टर भक्त. त्याने एका कागदाची पार वाट लावली. "सर, ही निव्वळ फेकाफेकी आहे!"

सरांनी नाव सांगितलं. त्याचाच पक्ष निघाला! वर्ग खिदळला, रोहन लालबुंद.

"अरे, लाजतोस काय? आज पहिल्यांदा वाचलंस तू!" सर म्हणाले.

*

बजेटच्या आदल्या दिवशी अंधेरीहून एका चॅनेलचा फोन आला. "सर, बाजूने बोलणार की विरोधात?"

"अरे बाबा, बजेट उद्या आहे ना?"

"हो सर, पण खुर्च्या आजच लावायच्यात!"

सर गेलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी घरी बसून बजेट वाचत होते.

*

आमच्या शहा मॅडम घाटकोपरच्या. राजकारणात सरांच्या एकदम उलट्या टोकाला. दोघं भांडायला लागले की आम्ही डबे उचलून बाहेर! पण छापायला द्यायच्या आधी सरांचा प्रत्येक लेख पहिल्यांदा जातो तो शहा मॅडमकडेच.

मी म्हटलं, "सर, तुमच्या विचारांच्या कोणाला तरी द्या ना."

"नको गं. माझा चष्मा रंगीत आहे, ते मला माहितेय. आपल्या माणसाला फक्त माझं शुद्धलेखन चुकलेलं दिसतं. त्या बाईला हिशेब चुकलेला दिसतो!"

*

आता स्नेहलची गोष्ट. ती सरांकडे पीएचडी करत होती. विषय होता, बायकांच्या खात्यात थेट पैसे टाकणारी सरकारी योजना. योजना आणली सरांच्या नावडत्या पक्षाने. असे पैसे उडून जातात, हे सर वर्षानुवर्षं लिहीत आलेले, त्यावर त्यांचं पुस्तकही आहे. आणि स्नेहल मनोरीहून काय घेऊन आली? मासे विकणाऱ्या बायकांनी त्या पैशांतून बर्फाच्या पेट्या घेतल्या, माल टिकायला लागला, धंदा वाढला!

"ह्या खरा नाय!" सर मालवणीतच उखडले. मग स्वतः तिच्याबरोबर मार्व्याहून फेरीबोटीने मनोरीला गेले. एका कोळणीला विचारलं, "काय गं, पैसे उडवलेस की नाही?"

"मास्तर, उडवायला आमाला टाइम हाय कुठं?"

परतताना सर बोटीत तिच्याकडे पाठ करून बसले. स्नेहल माझ्याकडे येऊन रडायलाच लागली. "मॅडम, माझी पीएचडी गेली! सर आता सहीच करणार नाहीत."

स्टाफरूममध्येही सगळ्यांना तसंच वाटत होतं. सरांनी पुढचे कितीतरी दिवस तिचे आकडे उलटसुलट तपासले, शहा मॅडमनाही दाखवले आणि एका शब्दाचीही काटछाट न करता सही केली. खरं सांगते, मला त्या दिवशी या माणसाचा फार अभिमान वाटला.

पण व्हायवाला बाहेरून आलेले परीक्षक निघाले सरांचे जुने भक्त! हॉल भरलेला. व्यासपीठावर परीक्षक, शेजारी सर. परीक्षकांनी प्रबंध मिटला आणि कडक आवाजात विचारलं, "कदमांच्या पुस्तकात नेमकं याच्या उलट लिहिलंय. एवढ्या मोठ्या माणसाला तुम्ही चूक ठरवणार?"

स्नेहल सरांच्या तोंडाकडे बघायला लागली. मला वाटलं, झालं! पोरीची सगळी मेहनत पाण्यात जाणार!

तेवढ्यात सर उठले. परीक्षकांच्या शेजारची खुर्ची सोडून खाली आले. पहिल्या बाकावरच्या पोरांना "सरका रे" म्हणत त्यांच्यात बसले. शेजारच्याकडून कोरा कागद मागून घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि मान वर केली.

"हां, बोल स्नेहल. सावकाश बोल, मी लिहून घेतोय."